शिष्यवृत्ती दारापर्यंत नेते. आत कोण नेणार?



अंतर्वस्त्रांच्या धंद्यावर आंबेडकरी चळवळीत लेख कशाला, असं काही मित्र विचारतील. काही जण हसतीलही. आमच्या आयांची पिढी 'बॉडी' म्हणायची आणि ती धुऊन दोरीवर साडीच्या आड वाळत घालायची. आजच्या बहिणी 'ब्रा' म्हणतात आणि ओढणीखाली वाळत घालतात. नाव बदललं, लाज तीच राहिली. पण ज्या वस्तूबद्दल बोलायची लाज वाटते, ती वस्तू कोण शिवतं, कोण विकतं, त्यातला नफा कुणाच्या घरी जातो, हे प्रश्नही त्याच लाजेखाली झाकले जातात. आम्हाला ते झाकण उचलायचं आहे.

शिवाय अंगावरच्या कपड्याचा आणि जातीचा संबंध आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. त्रावणकोर संस्थानात नाडर बायांनी छाती झाकायची की नाही, हे जात ठरवत होती. त्याविरुद्ध त्या बाया एकोणिसाव्या शतकात कित्येक दशकं लढल्या, मार खाल्ला, अंगावरची वस्त्रं फाडून घेतली. अखेर २६ जुलै १८५९ ला राजाला जाहीरनामा काढावा लागला. तोही अर्धवट. छाती झाका, पण उच्चवर्णीय बायांसारखी पद्धत वापरू नका, अशी अट त्यात होती. हा इतिहास सांगणारं प्रकरण २०१९ मध्ये एनसीईआरटीने नववीच्या पुस्तकातून काढून टाकलं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांची वेगळी सभा घेतली आणि साडी कशी नेसायची, जातीची ओळख सांगणारे दागिने का टाकायचे, हे सांगितलं. तेव्हा ते फॅशनवर बोलत नव्हते. अंगावरच्या कापडातून जात वाचली जाते आणि ते वाचन आपण बंद पाडू शकतो, हे ते सांगत होते. कपडा घालण्याचा हक्क आपण लढून घेतला. आता प्रश्न कपडा बनवण्याच्या धंद्यातल्या जागेचा आहे.

न्यूयॉर्कमधली एक संघटना

अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये 'अंडरफॅशन क्लब' नावाची एक व्यावसायिक संघटना आहे. ब्रा, निकर, नाइटवेअर, शेपवेअर या मालाच्या धंद्यातली माणसं तिची सभासद: डिझायनर, कारखानदारांचे प्रतिनिधी, इलॅस्टिक आणि लेस पुरवणारे, दुकानांसाठी माल निवडणारे. ही संघटना 'फेमी' नावाचे पुरस्कार देते. त्याचा मोठा समारंभ होतो, सगळा धंदा एका छताखाली जमतो. आमच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. ही संघटना या विषयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते, धंद्यात शिकाऊ म्हणून काम मिळवून देते, आणि फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या न्यूयॉर्कच्या सरकारी संस्थेतल्या मुलामुलींची डिझाइन स्पर्धा त्याच फेमीच्या निमित्ताने घेत आली आहे.

यात नेमकं काय घडतं ते बघा. वीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने केलेला नमुना त्या धंद्यातल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांसमोर येतो. त्या माणसांना तिचं नाव कळतं. उद्या ती नोकरी मागायला जाईल तेव्हा तिचा अर्ज ढिगाऱ्यात पडून राहत नाही. "त्या स्पर्धेतली ती मुलगी ना?" एवढं एक वाक्य कुणीतरी बोलतं आणि दार उघडतं. पैसे किती मिळाले यापेक्षा ते वाक्य बोलणारं माणूस मिळालं, ही मोठी गोष्ट असते.

हे लोक धर्मादाय करत नाहीत, हेही समजून घ्या. धंद्याला पुढची पिढी हवी असते. ती पिढी आपल्या ओळखीची, आपल्या रीतीत वाढलेली असावी, असं धंदेवाल्यांना वाटतं. त्यासाठी ते पैसा आणि वेळ खर्च करतात. संघटना म्हणजे धंद्याने स्वतःला पुन्हा जन्माला घालायची सोय.

हा धंदा दिसतो तेवढा लहान नाही

एका साध्या ब्रामध्ये पंचवीस-तीस सुटे भाग सहज असतात. कप, पाठीचा पट्टा, खांद्याचा पट्टा, तीन-चार जातींचं इलॅस्टिक, हुक आणि त्याची घरं, पट्टा लहान-मोठा करणारी कडी, तार, तारेवरची नळीसारखी पट्टी, अस्तर. शर्ट अर्धा इंच सैल झाला तर चालतं. इथे काही मिलीमीटर चुकले तर तार काखेत टोचते. छातीचा घेर आणि कपचा आकार ही दोन वेगळी मापं, त्यामुळे एकाच नमुन्याचे वीस-पंचवीस साइज काढावे लागतात. ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक, झिगझॅग, बारटॅक अशा चार-पाच प्रकारच्या मशिनी एका लाइनवर लागतात. म्हणून या कामाचा पॅटर्न मास्टर साध्या कपड्यांच्या पॅटर्न मास्टरपेक्षा वेगळा असतो आणि सहज मिळत नाही.

म्हणजे या धंद्यात शिडी आहे. सगळ्यात खाली धागे कापणारी हेल्पर. तिच्यावर मशिन चालवणारी. मग चेकर, लाइन सुपरवायझर. मग भिंत. भिंतीपलीकडे सॅम्पल रूम, पॅटर्न रूम, कापडाचा तंत्रज्ञ, परदेशी गिऱ्हाइकाशी बोलणारा मर्चंडायझर, डिझायनर, मालक. आपली माणसं या धंद्यात नाहीत असं नाही. ती भिंतीच्या अलीकडे ठासून भरलेली आहेत. दहा-दहा वर्षं कप जोडणाऱ्या बाईला कप कुठे चुकतो हे डिझायनरपेक्षा आधी कळतं. पण तिला सॅम्पल रूममध्ये कुणी बोलावत नाही, आणि तिच्या मुलीला या धंद्यात पॅटर्न रूम नावाची जागा असते हेच माहीत नसतं.

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं होतं की जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. त्या विचाराचं उदाहरण शोधायला ग्रंथालयात जायची गरज नाही. कुठल्याही गारमेंट युनिटच्या लाइनवर आणि नंतर तिथल्या एसी केबिनमध्ये जाऊन आडनावं वाचा.

आपल्याकडे हे काम जात करते

कुणी म्हणेल, भारतात अशा संघटना कुठे आहेत? आहेत. तमिळनाडूतलं तिरुपूर घ्या. बनियन, निकर, टी-शर्ट हा विणलेल्या सुती मालाचा देशातला सगळ्यात मोठा बाजार. तिथल्या निर्यातदारांची तिरुपूर एक्सपोर्टर्स असोसिएशन १९९० पासून आहे. रस्ते, पाणी, कर, परदेशी गिऱ्हाईक अशा प्रत्येक बाबतीत ती सरकारशी बोलते. तिने निटवेअर फॅशनचं कॉलेजही उभं केलं. संघटनेचे कारखाने आणि संघटनेचंच कॉलेज: शिकवणारा, शिकणारा आणि नोकरी देणारा एकाच गावात.

पण या कागदावरच्या संघटनेआधी तिथे दुसरी संघटना होती. तिला नोंदणी क्रमांक नव्हता. शरद चारी या अभ्यासकाचा 'फ्रॅटर्नल कॅपिटल' हा २००४ चा ग्रंथ तिरुपूरवरच आहे. शेतकरी पार्श्वभूमीचे कोंगू वेल्लाळ गौंडर आधी बनियन कारखान्यांत मजूर म्हणून आले आणि पुढे स्वतःच मालक झाले, हा प्रवास त्यात मांडला आहे. त्यांनी कष्ट केले, हे आम्ही नाकारत नाही. पण कष्ट तर आपल्या माणसांनीही केले. फरक कुठे पडला? मशिन उधार देणारा नातेवाईक, सूत उधारीवर देणारा जातभाई, पहिली ऑर्डर वाटून देणारा मित्र, हे सगळं एकाच्या बाजूला होतं आणि दुसऱ्याच्या बाजूला नव्हतं. न्यूयॉर्कची संघटना जे काम सभासदत्वाच्या पावतीवर करते, ते आपल्याकडे जात जन्माच्या दाखल्यावर करते. शिष्यवृत्ती, मार्गदर्शक, ओळख, भांडवल, सगळं.

म्हणून "आमच्यात कुठे जात पाळतात, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो" असं कुणी म्हणालं की आमच्या कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न विचारावा: तुम्हाला पहिली संधी देणारा माणूस कोण होता आणि त्याचं आडनाव काय होतं?

आमच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या एका मुलीने फॅशन डिझाइनची पदविका चांगल्या गुणांनी घेतली. शिष्यवृत्तीवर शिकली. मुलाखतीला गेली तेव्हा एका कंपनीत तिच्या कामाची फाइल उघडण्याआधी दोन प्रश्न आले: "पूर्ण नाव काय?" आणि "घरचं कुणी या लाइनमध्ये आहे का?" घरचं होतं. तिची मावशी त्याच शहरातल्या दुसऱ्या युनिटमध्ये ओव्हरलॉक चालवत होती. पण विचारणाऱ्याच्या मनातलं 'लाइनमध्ये' वेगळं होतं. फाइल उघडली गेली नाही.

बाबासाहेबांचा अनुभव काय सांगतो

शिष्यवृत्ती दारापर्यंत नेते आणि तिथे सोडून देते, हे आपल्या चळवळीला बाबासाहेबांच्या आयुष्यातूनच कळायला हवं होतं. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. जगातल्या मोठ्या प्राध्यापकांकडे शिकले. १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याला नोकरीला आले. आणि त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं. पदवी होती, संस्थानाचा हुकूम होता, नोकरी होती. त्या शहरात आपला म्हणणारा एक माणूस नव्हता. पुढे मुंबईत त्यांनी व्यापाऱ्यांना शेअर-व्यवहाराचा सल्ला देण्याचं कार्यालय काढलं, तर सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाइकं यायची बंद झाली, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे.

गिरण्यांचा इतिहासही तेच सांगतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून जोडावा लागायचा आणि त्या धोट्याला 'त्यांचं' तोंड लागलेलं सवर्ण कामगारांना चालत नव्हतं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. लाल बावट्याखाली क्रांतीची भाषा चालू होती आणि त्याच गिरणीत विणकाम खात्याचं दार बंद होतं. तेव्हाचं विणकाम खातं म्हणजे आजची पॅटर्न रूम.

बाबासाहेबांनी यातून काय धडा घेतला? व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी पैसा मागितला. आणि त्याच निवेदनात सरकारी कंत्राटांमध्ये आपल्या माणसांना वाटा मागितला. शिक्षण आणि धंद्यातली जागा, दोन्ही मागण्या एकाच कागदावर. आपण पहिली लक्षात ठेवली, दुसरी विसरलो.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण रोज म्हणतो. शिकलो. संघर्षही करतो. मधलं 'संघटित व्हा' मात्र आपण मोर्चा, जयंती आणि निवडणूक यांच्यापुरतं ठेवलं. सरकारी नोकरीत आपण संघटित झालो, कास्ट्राईब महासंघ, बामसेफ अशा संघटना उभ्या केल्या. त्यामुळे बढती अडली, बदली झाली, छळ झाला तर जायला एक ठिकाण होतं. आता सरकारी नोकऱ्या आटत चालल्या आहेत आणि आपली पोरं डिझाइन, हॉटेल, ॲनिमेशन, गारमेंट अशा धंद्यांत जाताहेत. तिथे त्यांच्या पाठीशी कोण आहे? कुणी नाही. प्रत्येक जण एकटा, आणि बरेचसे आडनाव लपवून.

काळ्यांनी काय केलं

न्यूयॉर्कचं कौतुक करताना तिथली दुसरी बाजू विसरायची नाही. तिथल्या कपड्याच्या धंद्यातही काळ्या लोकांना मोठ्या फॅशन कंपन्यांची दारं बंद होती. त्यांनी काय केलं? १९४९ मध्ये काळ्या स्त्रियांची नेत्या मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांच्या पुढाकाराने काळ्या फॅशन डिझायनरांची स्वतःची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. झेल्डा वाइन व्हाल्डेस ही नावाजलेली डिझायनर तिच्या न्यूयॉर्क शाखेची अध्यक्ष झाली. 'आम्हाला तुमच्यात घ्या' ही मागणी त्यांनी सोडली नाही, पण ती मान्य होईपर्यंत हात बांधून बसल्याही नाहीत.

याच झेल्डाबाईंनी पुढे हार्लेमच्या कृष्णवर्णीय नृत्यसंस्थेत काम केलं. तिथे नर्तिकांचे घट्ट पायमोजे त्यांच्या त्वचेच्या रंगाशी जुळतील असे रंगवून घेतले जायचे, कारण बाजारात 'कातडीचा रंग' म्हणून मिळणारा माल गोऱ्या कातडीचा होता. ही गोष्ट छोटी वाटते का? मग आपल्या बाजारात जाऊन 'स्किन कलर'ची ब्रा मागून बघा. दुकानदार फिकट गुलाबी-पिवळसर रंगाचा डबा पुढे करतो. ती स्किन नेमकी कुणाची? विदर्भाच्या उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईची नाही. लंडनमध्ये एडे हसन या काळ्या बाईने २०१४ मध्ये 'न्यूबियन स्किन' नावाने गडद रंगछटांच्या अंतर्वस्त्रांची कंपनी काढली, तोवर हा साधा प्रश्न मोठ्या कंपन्यांना सतावतही नव्हता. रंग ठरवणाऱ्या टेबलावर जी माणसं बसतात, त्यांचीच कातडी 'स्किन' ठरते. त्या टेबलावर आपलं माणूस का हवं, याला यापेक्षा सोपं उदाहरण आम्हाला सापडलं नाही.

आणि कामगार संघटना? तिथल्या स्त्री-वस्त्र कामगारांच्या मोठ्या युनियनवर १९६२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर आरोप झाले की काळ्या आणि पोर्तोरिकन कामगारांना कमी पगाराच्या कामांत अडकवून ठेवलं जातं आणि कटिंगसारखी चांगल्या पगाराची कामं गोऱ्यांकडे राहतात. मुंबईच्या विणकाम खात्याचीच ही दुसरी आवृत्ती. म्हणजे 'संघटना' हा शब्द ऐकून हुरळून जायचं कारण नाही. संघटना कुणाची आणि तिच्या आत कोण, हे आधी बघायचं.

'प्रोफेशनल' कोण?

इथे आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. अशा व्यावसायिक संघटना 'प्रोफेशनल आणि विद्यार्थी' यांच्यासाठी असतात. प्रोफेशनल म्हणजे डिझायनर, मर्चंडायझर, विक्री अधिकारी. मशिनवरची बाई त्यात येत नाही. तिचं कौशल्य चालतं, तिचं सभासदत्व चालत नाही. आपण उद्या आपली संघटना काढली आणि तीही अशीच, शिकलेल्या चार पोरांची निघाली, तर काय होईल? आपल्यातले चार जण भिंत ओलांडतील आणि ओलांडल्यावर भिंत तशीच ठेवतील. त्याला आम्ही मुक्ती म्हणणार नाही.

तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत 'सुमंगली' नावाने एक पद्धत चालत आली. गरीब घरची अविवाहित मुलगी तीन वर्षांसाठी गिरणीच्या वसतिगृहात ठेवायची, पैसे शेवटी एकरकमी द्यायचे, आणि ते हुंड्याला उपयोगी पडतील असं आईबापांना सांगायचं. या मुलींमध्ये दलित मुलींचं प्रमाण मोठं. बाहेर पडायला बंदी, मधेच काम सोडलं तर ती रक्कम बुडण्याची भीती. त्या सुतातून पुढे बनियन आणि निकरा होतात, त्यांच्यावर परदेशी ब्रँडची पट्टी लागते. या मुली कुठल्या व्यावसायिक संघटनेच्या पुरस्कार समारंभात कधी दिसल्या?

जानेवारी २०२१ मध्ये त्याच राज्यात दिंडिगुल भागात कपड्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुण दलित मुलीचा खून झाला. खुनाचा आरोप तिच्या सुपरवायझरवर होता. ती तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियनची सभासद होती. ही बायांनी चालवलेली, बहुसंख्य दलित सभासद असलेली युनियन. त्या युनियनने रडून प्रकरण संपू दिलं नाही. देशाबाहेरच्या कामगार संघटनांना जोडून घेतलं आणि २०२२ मध्ये दिंडिगुल करार घडवून आणला. एच अँड एम, गॅप आणि पीव्हीएच या बड्या परदेशी कंपन्यांना त्यावर सह्या कराव्या लागल्या. पीव्हीएच म्हणजे केल्विन क्लाइन या नावाने अंतर्वस्त्रं विकणारी कंपनी. करारात लैंगिक छळाबरोबर जातीवरून होणारा भेदभावही नावानिशी लिहिला आहे. कामगारांमधूनच निवडलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या बायांनी शॉपफ्लोअरवर लक्ष ठेवायचं आणि तक्रार करणाऱ्या बाईवर सूड उगवायला बंदी, असं त्यात ठरलं.

जगातल्या नामांकित ब्रँडच्या करारात 'जात' हा शब्द कुणी घुसवला? ज्यांना कुणी प्रोफेशनल म्हणत नाही त्या दलित बायांनी. डिझाइन कॉलेजातून बाहेर पडलेल्या एकाही मंडळाला ते जमलं नव्हतं. आमचं म्हणणं एवढंच आहे: पॅटर्न रूममधली आपली मुलगी आणि लाइनवरची तिची मावशी एकाच संघटनेत असल्या पाहिजेत. मुलगी नसेल तर मावशीला धंद्याची भाषा कळवून देणारं कुणी नाही. मावशी नसेल तर मुलीच्या पाठीशी संख्या नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्यातल्याच डाव्या मित्रांचा: हे सगळं भांडवलशाहीत जागा मागणं झालं. मित्रांनो, १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. दोन सांगितले, एक नाही. पॅटर्न रूमचं दार जातीने बंद केलं असेल तर ते उघडणं ही ब्राह्मणशाहीविरुद्धची लढाई आहे. आणि लाइनवरच्या बाईला त्याच संघटनेत घेणं ही दुसऱ्या शत्रूविरुद्धची लढाई आहे. एक लढाई दुसरीसाठी थांबवायची नाही.

दुसरा आक्षेप: आपल्याकडे २००५ पासून डिक्की आहे, पुण्यातूनच सुरू झाली, मग आणखी संघटना कशाला? डिक्की उद्योजकांसाठी आहे. ज्याच्याकडे कारखाना आहे किंवा काढायची ऐपत आहे, त्याला तिचा उपयोग. नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थिनीला, दहा वर्षं सॅम्पल शिवणाऱ्या मास्तरला, पीसावर काम करणाऱ्या बाईला डिक्कीत जागा नाही. ती तिची चूक म्हणून आम्ही सांगत नाही. तिचं काम वेगळं आहे. आपलं राहिलेलं काम आपणच करायचं आहे.

मग करायचं काय?

केंद्र सरकारने २०२३ मध्ये देशात सात 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग पार्क जाहीर केले. त्यातला एक अमरावतीत आहे. अमरावती, म्हणजे आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला असलेलं विदर्भ. कारखाने येतील तेव्हा लाइनवर कोण बसेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. प्रश्न पॅटर्न रूममध्ये कोण बसेल हा आहे, आणि त्याचं उत्तर कारखाना उभा राहण्याआधी ठरतं.

म्हणून आमचं तरुण कार्यकर्त्यांना आवाहन आहे.

एक, आपल्या जिल्ह्यातल्या वस्त्रोद्योगात काम करणाऱ्या आपल्या माणसांची यादी करा. हेल्परपासून डिझायनरपर्यंत, शिवणकाम शिकवणाऱ्या बाईपासून निफ्टमध्ये शिकणाऱ्या मुलापर्यंत. कोण कुठल्या कामात तरबेज आहे, ते लिहा. आपल्याकडे किती ज्ञान आहे ते त्या यादीतच कळेल.

दोन, त्यांना एकत्र बसवा. संस्था नोंदवायला कायद्याने सात माणसं पुरतात. सात माणसं आपल्याकडे नाहीत असं कुणी सांगू नये. कार्यकारिणीत निम्म्या बाया हव्यात आणि त्यातल्या काही मशिनवरच्या हव्यात. हे घटनेतच लिहा, नंतर कुणी विसरू नये म्हणून.

तीन, निफ्टसारख्या संस्थेत राखीव जागा आहेत, पण चार वर्षांची फी लाखांत जाते आणि शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर येत नाही. संघटनेने त्या मधल्या काळापुरता आधार द्यावा. दरवर्षी दोन मुलींना दिला तरी चालेल. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यातून एका मुलीचं शिवणयंत्र येतं, हा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा कागदावर करून बघावा.

चार, प्रत्येक विद्यार्थिनीला धंद्यातलं एक माणूस जोडून द्या. तिची फाइल बघणारं, मुलाखतीआधी बोलणारं, नकार मिळाल्यावर कारण शोधणारं. न्यूयॉर्कच्या संघटनेकडून उचलायचं ते एवढंच.

पाच, पार्कमध्ये जमीन, वीज, अनुदान सरकारचं असेल तर प्रशिक्षणात आणि वरच्या पदांत आपला वाटा मागा. १९४२ च्या निवेदनातली दुसरी मागणी अजून अपुरी आहे. ती हातात घेऊन पालकमंत्र्यांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना भेटा. आणि लाइनवर छळ झाला तर दिंडिगुलचा करार पुढे ठेवा. तमिळ दलित बायांना जे जमलं ते विदर्भातल्या बायांना का जमू नये?

छाती झाकण्याच्या हक्कासाठी त्रावणकोरच्या बाया कित्येक दशकं लढल्या. आपल्याला तेवढी वाट बघायची नाही. पुढच्या वर्षी आपल्या जिल्ह्यातली किती मुलं-मुली कपड्याच्या शिक्षणाला जाणार, आणि त्यांना धंद्यातलं कोण भेटणार, हे या महिन्याच्या बैठकीत ठरवा. यादीचं पहिलं पान लिहायला घ्या.

जयभीम!